कपाटामागची बुरशी आणि माझा श्वास

मला टीबी झाला नव्हता. हे सगळ्यात आधी लिहिते, कारण आमच्या गल्लीतल्या एकदोन बायका अजूनही ब्लाउज शिवायला टाकताना पिशवी दारात ठेवतात आणि मागे सरकून बोलतात. मला त्यांचा राग येत नाही. बरेच महिने मीसुद्धा स्वतःबद्दल तेच समजत होते. मुलीला जवळ घेऊन झोपायचं मी बंद केलं होतं. माझं ताट, माझा पेला वेगळा ठेवत होते.

मी शोभा. माहेर आणि सासर, दोन्ही परभणीकडचं. मिस्टर चाकणला एका कंपनीत मशीनवर आहेत. मुलगी आरती, आठवीत. आम्ही पुण्याजवळ दिघीत भाड्यानं राहतो आणि मी घरी बसून शिवणकाम करते. मी डॉक्टर नाही, कुणाला औषध सांगायला हे लिहीत नाही. पण माझ्यासारखी कुणी घरात बसून खोकत असेल आणि तिला कुणी घराबद्दल काही विचारलंच नसेल, तर तिनं हे वाचावं असं वाटतं. लिहिण्याचं दुसरं कारण आमच्या घरमालकीणबाई. त्यांनी जे केलं ते त्या स्वतः कुणाला सांगणार नाहीत. म्हणून मी सांगते.

मागची खोली

आमच्या तळमजल्यावर दोन खोल्या होत्या. पुढची मुलीच्या अभ्यासाला आणि आल्यागेल्याला, मागची स्वयंपाकाला आणि माझ्या मशीनला. मागच्या खोलीच्या भिंतीला लागूनच दुसरी इमारत आहे. दोन्हींच्या मध्ये जेमतेम एक माणूस आडवा होऊन शिरेल एवढी सांद. खिडकी त्या सांदीत उघडायची. उघडली की घाण वास आणि उंदीर, म्हणून आम्ही ती कायमची लावून टाकली होती. त्याच भिंतीला लोखंडी कपाट आणि कपाटाशेजारी कापडांची गाठोडी. मी दिवसभर तिथंच, दिव्याखाली.

भिंतीला ओल होती, हे सगळ्यांना माहीत होतं. दिवाळीच्या आधी घरमालकीणबाईंचा मुलगा संदीप रंग मारून द्यायचा. संक्रांतीपर्यंत पोपडे सुटायचे. मी तिथं एक जुनं बेडशीट टांगलं होतं. दिघीतल्या अशा खोल्यांमध्ये थोडीफार ओल असतेच, असं सगळे म्हणतात. कुबट वास यायचा, तर मी कापूर जाळायचे.

खोकला पावसाळ्यात सुरू झाला. कोरडा, ढास लागणारा. पावसाळा संपला तरी तो गेला नाही. मग दुपारनंतर अंग मोडून यायला लागलं. संध्याकाळी थंडी वाजायची आणि सकाळी काही नाही. गच्चीवर कपडे वाळत घालायला जाताना मधल्या मजल्यावर थांबावं लागायचं. वजन उतरलं. गल्लीतल्या डॉक्टरांनी आधी पातळ औषध दिलं, मग एक्स-रे काढायला लावला. फोटोत दोन्ही बाजूंना डाग दिसले. थुंकी तपासली, काही निघालं नाही. पुन्हा तपासली, तरी नाही. डॉक्टर म्हणाले, कापडाची धूळ असेल, तोंडाला रुमाल बांधून शिवा. मी बांधला. मिस्टरांना काही होत नव्हतं, आरतीला सारखी सर्दी असायची एवढंच. त्यामुळे दोष माझ्यातच असणार, हे घरात न बोलता ठरून गेलं होतं.

माहेरी

तुळशीचं लग्न झाल्यावर भाचीच्या लग्नाला माहेरी गेले. जाताना एसटीत इतकी खोकले, की शेजारची बाई उठून दुसरीकडे बसली. पण माहेरी गेल्यावर दिवसागणिक खोकला कमी होत गेला. लग्न उरकेपर्यंत मी माळवदावर चढून धान्याला ऊन दाखवत होते आणि मला धाप लागत नव्हती. आई म्हणाली, "पुण्याकडचं पाणीच तुला मानवायलं न्हाई बघ."

मला इतकं बरं वाटत होतं, की मी परत येताना हसत आले. आल्यावर चार दिवसांत पुन्हा तीच ढास, तीच थंडी. आणि या वेळी जास्त.

मिस्टर सेकंड शिफ्टला निघाले होते. डबा भरता भरता मला खोकल्याची उबळ आली आणि पोळ्या जमिनीवर पडल्या. ते म्हणाले, "माहेरी गेलीस की बरी राहतीस. इथं आलीस की आजारी पडायलीस. तुला इथं राहायचंच नसेल तर सरळ सांग की."

ते वाईट माणूस नाहीत. थकलेले होते, घाबरलेले होते. पण ते वाक्य माझ्या मनात फार दिवस राहिलं. मला स्वतःचाच संशय यायला लागला. आपण उगाच तर करत नाही ना? मनाचं तर नाही ना? आजारापेक्षा हा संशय जास्त वाईट असतो. आपण खोटं बोलत नाही आहोत, हे आपल्यालाच पटवत राहावं लागतं.

आता मागे वळून बघते तर उत्तर त्यांच्याच वाक्यात होतं. माहेरी बरी, इथं आजारी. आम्हा दोघांनाही ते तेव्हा ऐकू आलं नाही.

जिन्यात

एका सकाळी मी ओल्या कपड्यांची बादली घेऊन वर निघाले आणि मधल्या मजल्यावर खाली बसले ते उठताच येईना. तिथं आक्का मेथी निवडत बसल्या होत्या. आक्का म्हणजे आमच्या घरमालकीणबाई, हौसाबाई. दिघीतलं जुनं घराणं. पूर्वी शेती होती, आता ही इमारत आणि तिच्यातली बिऱ्हाडं. सत्तरीच्या पुढच्या असतील. सगळे भाडेकरू त्यांना आक्का म्हणतात आणि थोडे घाबरून असतात.

त्यांनी मेथी खाली ठेवली आणि माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं.

"आगं, व्हट निळं पडल्यात तुजं. कवापासनं?"

मला बोलता येईना. त्यांनी खाली तोंड करून मुलाला हाक मारली, "संदीप, गाडी काढ." तो काहीतरी म्हणाला. त्या पुन्हा तेवढ्याच आवाजात म्हणाल्या, "म्या सांगते न्हवं, गाडी काढ." आणि माझ्याशेजारी मागच्या सीटवर बसून, पिंपरीच्या मोठ्या हॉस्पिटलपर्यंत माझा हात हातात धरून आल्या. त्यांच्या हाताला मेथीचा वास येत होता. मला त्या दिवशीचं तेवढंच नीट आठवतं.

वॉर्ड

नाकाला ऑक्सिजनची नळी लावल्यावर पहिल्यांदा कळलं, की इतके दिवस आपण किती कमी श्वासावर जगत होतो. बोटाला चिमट्यासारखं यंत्र लावायचे. त्यावरचा आकडा वाढला की सिस्टर नुसती मान हलवायची आणि मला परीक्षेत पास झाल्यासारखं वाटायचं.

वॉर्डाचं स्वतःचं एक घड्याळ असतं. पहाटे फिनाईलचा वास, मग चहा, मग चादरी, मग डॉक्टरांचा राउंड. राउंडच्या आधी सगळ्या बायका केस सारखे करून बसायच्या, जणू पाहुणे येणार आहेत. शेजारच्या खाटेवर दापोडीच्या एक आजी होत्या, दम्याच्या. त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "तुझी वेणी कोण घालतंय?" मी म्हटलं, कुणी नाही. मग रोज सकाळी त्या माझ्या खाटेवर येऊन बसायच्या, आपल्या धापेबरोबर माझी वेणी घालायच्या. दोघी मिळून एका निरोगी बाईएवढा श्वास घेत असू. पण वेणी घट्ट असायची.

भीती दुपारी यायची, सगळे झोपलेले असताना. आरतीची आठवण यायची. तिला पोळी गोल लाटता येत नाही, तिचं सायन्स कच्चं आहे, तिला अजून साडी नेसवून दिली नाही मी कधी. मरणाची भीती म्हणजे मला तरी एवढीच वाटली, ही राहिलेली कामं.

मिस्टर फर्स्ट शिफ्ट करून कंपनीच्या कपड्यांतच यायचे. चाकणहून येईपर्यंत भेटीची वेळ संपत आलेली असायची. ते खाटेच्या पायाशी उभे राहायचे. बसायचे नाहीत.

एक साधा प्रश्न

छातीच्या डॉक्टर मॅडम तरुण होत्या, माझ्याहून लहानच. त्यांच्या मागे शिकाऊ डॉक्टरांचा घोळका असायचा, तरी त्या स्टूल ओढून बसायच्या. माझ्या आजारपणात माझ्यासमोर बसून बोलणाऱ्या त्या पहिल्याच डॉक्टर. फुप्फुसांचे आडवे फोटो, म्हणजे सीटी स्कॅन, काढून झाले होते, नळीत फुंकायची तपासणी झाली होती. त्यांनी ते सगळं बाजूला ठेवलं आणि विचारलं, "तुम्हाला बरं कुठं वाटतं?"

मला प्रश्न कळला नाही.

"म्हणजे कुठं गेल्यावर खोकला कमी होतो?"

मी मिस्टरांकडे बघितलं. वाटलं, आता हे उत्तर दिलं तर पुन्हा तेच. तरी म्हटलं, "माहेरी."

मॅडम हसल्या नाहीत. "माहेरी काय वेगळं आहे? घर कसं आहे? इथलं घर कसं आहे? कबुतरं येतात का? भिंतींना ओल आहे का? दिवसभर कुठल्या खोलीत असता?"

मी सांगत गेले. त्या ऐकत होत्या. मग मिस्टरांना म्हणाल्या, "आज घरी गेलात की प्रत्येक भिंतीचे फोटो काढा. सामानाच्या मागचे, गादीच्या खालचे. मोबाइलवर चालतील. नाकातोंडाला मास्क बांधून काढा."

दुसऱ्या दिवशी मिस्टर आले तेव्हा त्यांनी मोबाइल माझ्या हातात दिलाच नाही. आधी मॅडमना दाखवला. मग मी मागून घेतला. कपाट सरकवलेलं होतं. कपाटामागे भिंत नव्हतीच जणू, काळी-हिरवी मखमल होती, माझ्या उंचीएवढी. कपाटाच्या पाठीला तीच. गाठोड्यांच्या खाली तीच. मी जिथं पाय लांब करून काज-बटण करत बसायचे, तिथून हातभर अंतरावर.

मॅडमनी सोप्या शब्दांत सांगितलं. ही बुरशी. तिचे कण हवेत उडतात, डोळ्यांना दिसत नाहीत. बऱ्याच लोकांना त्यानं सर्दी, शिंका, डोळ्यांना खाज, दमा असले त्रास होतात. काहींना काहीच होत नाही. आणि थोड्या जणांच्या फुप्फुसांना ते अजिबात सोसत नाही, आतून सूज येते. तुमचं तसं झालंय. फोटो, तपासण्या आणि तुम्ही सांगितलेली हकीकत, तिन्ही जुळतात.

"टीबी नाही?" मी विचारलं.

"टीबी नाही. तुमच्यापासून कुणाला काही होणार नाही."

मी रडले. दापोडीच्या आजीही रडल्या.

मग त्या म्हणाल्या, "गोळ्यांनी सूज उतरेल. पण गोळ्या अर्धंच काम करतात. तुम्ही त्या खोलीत परत गेलात तर ती परत येईल, आणि दर वेळी थोडं फुप्फुस कायमचं आखडत जाईल. त्या खोलीत परत जायचं नाही. एक दिवससुद्धा."

त्या गेल्यावर मिस्टर पहिल्यांदा खाटेवर बसले. बराच वेळ माझ्या चादरीची घडी सारखी करत राहिले. मग म्हणाले, "मी तुला काय काय बोललो."

मी म्हटलं, "तुम्ही बरोबरच बोलला होतात. इथंच आजारी पडत होते."

आक्का येतात

आता प्रश्न होता जायचं कुठं. मिस्टर मोशीला दोन खोल्या बघून आले, दोन्हींत कोपऱ्याला तसेच काळे डाग. आरतीची शाळा मध्येच सोडवता येत नव्हती. खोली सोडतो असं सांगायला ते संदीपकडे गेले, तर तो उलटूनच बोलला. "भाऊ, तुम्ही खिडकी उघडत नाही, आतच कपडे वाळत घालता, मग ओल धरणारच ना. बाकीच्या भाडेकरूंना होतंय का काही?" मिस्टर गरम झाले. शब्दाला शब्द वाढला. आक्का पलीकडे बसून ऐकत होत्या, असं ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी भेटीच्या वेळेला आक्का वॉर्डात आल्या. मागे संदीप, चेहरा पाडून. आक्कांनी स्टूल ओढलं.

"म्या जाऊन आले तुज्या खोलीत," त्या म्हणाल्या. "फडकं बांदून गेल्ते. बगितली भिंत."

मला वाटलं, आता त्याही खिडकीचं काढणार. मी म्हटलं, "आक्का, खिडकी उघडली की वास यायचा म्हणून..."

"तू गप. तुला बोलायचं न्हाई." मग त्या संदीपकडे न बघता म्हणाल्या, "आमच्याकडं गोठा व्हता. जनावर खोकाय लागलं, की माजा सासरा आदी गोठा बगायचा. खाली मूत साठलंय का, कूड भिजलाय का, वारं येतंय का. जनावराला कुनी म्हनत न्हाई तुजंच चुकलं म्हनून. हितं मानूस खोकतंय, आन् आमी त्येलाच इचारतोय खिडकी का उगाडली न्हाई."

संदीप म्हणाला, "आई, मी तसं नाही म्हटलं."

"तसंच म्हनलास. भिंत आपली हाय. भाडं घेतो तवा भिंत आपली, आन् ओल आली की त्येंची, आसं न्हाई चालायचं."

मग मला म्हणाल्या, "वरची माजी खोली तुमी घ्या. ऊन येतं तितं दिसभर. मी खाली नातीच्या खोलीत झोपंन."

मिस्टर नको नको म्हणाले. त्या उठल्यासुद्धा. जाताना दापोडीच्या आजींना म्हणाल्या, "येनी चांगली घातली तुमी."

सांद

मी घरी गेले ती थेट वरच्या खोलीत. मॅडमनी सांगितलं होतं तसं सामान खालून तसंच उचलून वर आणायचं नव्हतं. मिस्टरांनी गादी, उशा आणि गाठोडी टाकून दिली. गिऱ्हाइकांची कापडं मात्र गरम पाण्यानं धुऊन कडक उन्हात वाळवून ज्याची त्याला दिली. मशीन पुसून आणली. आयुष्यात स्वतःचा शर्ट न धुतलेला माणूस सुट्टीच्या दिवशी गच्चीवर दुसऱ्या बायकांचे परकर-ब्लाउज वाळत घालत होता. शेजारचे हसले. त्यांनी लक्ष दिलं नाही.

पण ओल कुठून येते हे कळल्याशिवाय खालची खोली दुरुस्त होणार नव्हती. आणि ती येत होती सांदीतून. पलीकडची इमारत आक्कांच्या चुलत दिरांची, नानांची. त्यांच्या बाथरूमचा पाइप त्या सांदीतून उतरतो. तिथं काय फुटलंय ते बघायचं तर नानांच्या बाजूनं उतरावं लागणार होतं. आणि दोन्ही घरांचं बोलणं बंद होतं. ती सांद कुणाच्या जागेतली, याच वादावरून. मी दिघीत आले तेव्हापासून त्या घरातलं कुणी या घरात आलेलं मी पाहिलं नव्हतं. लग्नकार्यातसुद्धा नाही.

संदीप म्हणाला, "आपण महापालिकेत अर्ज करू. नाहीतर आपल्या बाजूनं सिमेंट मारून घेऊ. पण त्यांच्या दारात जायचं नाही."

"सिमेंट मारून पानी थांबतंय व्हय?" आक्का म्हणाल्या.

त्या दुपारी मी वरच्या खिडकीत उन्हाला बसले होते. तिथून नानांचा ओटा दिसतो. आक्का एकट्या निघाल्या. रस्त्यात थांबून डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि ओट्याची पायरी न चढता खाली उभ्या राहिल्या. नाना खुर्चीवर बसलेले होते. त्यांनी मान वळवली. शेजारच्या दुकानातला माणूस दुकान सोडून बाहेर आला.

आक्कांचा आवाज वरपर्यंत आला. "नाना, भांडान आपलं ऱ्हाऊ द्या जागच्या जागी. ते मिटवाय म्या आले न्हाई. पाइप तेवढा बगाय या. आमच्या खोलीतल्या बाईचा जीव जायचा ऱ्हायलाय."

नाना खुर्चीतून हलले नाहीत. आक्का थांबून राहिल्या. म्हाताऱ्या माणसाला उन्हात तसं उभं राहणं सोपं नसतं, आणि भावकीसमोर तर नाहीच. मला वाटत होतं, खाली धावत जावं आणि म्हणावं, चला आक्का, नको. पण धावण्याएवढा श्वास माझ्याकडे नव्हता.

शेवटी नाना उठले. आत गेले. आक्का वळल्या आणि परत आल्या. जिन्यात मी विचारलं, "काय म्हणाले?"

"काय न्हाई म्हनले. पर दार न्हाई लावलं."

सकाळी नाना स्वतःच प्लंबर घेऊन सांदीच्या तोंडाशी उभे होते. त्यांचा पाइप जोडावर फुटलेला निघाला, कधीचा कुणास ठाऊक. आणि आमच्या इमारतीच्या गच्चीचं पाणीही त्याच सांदीत पडत होतं, तेही निघालं. दोन्हीकडची चूक सारखी भरली, ते एका अर्थी बरंच झालं. कुणालाच कुणाला बोलता येईना. नानांनी पाइप बदलला, संदीपनं गच्चीचं पाणी पुढच्या बाजूला काढलं. भांडण अजूनही जागच्या जागी आहे. पण आता नाना आक्कांना रस्त्यात "वहिनी" म्हणतात.

खालच्या भिंतीचा गिलावा विटांपर्यंत काढला. त्या दिवसांत मॅडमच्या सांगण्यावरून मी आणि आरती मिस्टरांच्या मित्राकडे पुनावळ्याला राहिलो, कारण खरवडताना कण जास्त उडतात. आणि आक्कांनी सांगून ठेवलं, की उन्हाळा संपेपर्यंत ती भिंत तशीच उघडी वाळू द्यायची. रंग नाही, भाडेकरू नाही. संदीपला ते पटलं नव्हतं. पण तो रोज सकाळी जाऊन ती खिडकी उघडायचा, हे मी पाहिलं आहे.

गोळ्या

गोळ्यांबद्दल कुणी सांगत नाही ते सांगते. तोंड सुजून चंद्रासारखं झालं. भूक इतकी, की आरतीच्या डब्यातलं खाल्लं मी. उगाच चिडायचे, उगाच रडायचे. आरसा झाकून ठेवला होता. मॅडम म्हणाल्या, हे गोळ्यांमुळे आहे, जाईल, पण मनानं गोळ्या बंद करू नका, त्या हळूहळूच उतरवायच्या असतात. बरं वाटतंय म्हणून मध्येच सोडून आजार परत आलेल्या बाया मी ओपीडीत पाहिल्या. मी सोडल्या नाहीत.

सुधारणा सरळ रेषेत झाली नाही. एक दिवस गच्चीवर जायचे, दुसऱ्या दिवशी खाटेवरून उठवत नसे. पण थंडी वाजणं थांबलं. खोकला विरत गेला. एके दिवशी आरतीशी बोलता बोलता लक्षात आलं, की मी वाक्य मध्ये न थांबता पुरं केलं. आरतीच्याही लक्षात आलं होतं. तिची सर्दीसुद्धा गेली होती, ते आम्हाला फार उशिरा समजलं.

सगळं पूर्ववत झालेलं नाही. फुप्फुसाचा थोडा भाग आखडला आहे, तो तसाच राहील. चढण लागली की हळू चालते. पण मशीन वरच्या खिडकीत मांडली आहे आणि हातात काम आहे.

आक्कांचा प्रश्न

पावसाळ्याच्या आधीच्या तपासणीला आक्का हट्टानं बरोबर आल्या. फुंकायची तपासणी आधीपेक्षा चांगली आली. मॅडमनी आक्कांना विचारलं, "तुम्ही यांच्या सासूबाई?"

"न्हाई. घरमालकीन."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. आक्कांना वाटलं, काही चुकलं. त्या घाईनं म्हणाल्या, "मला येक इचारायचं हुतं. माज्या घरात आजून बिऱ्हाडं हायेत. त्येंच्यात कुनाला हे व्हत आसंल, तर म्या वळकायचं कसं? आन् करायचं काय? मला लिवता-वाचता येत न्हाई. सावकास सांगा."

मॅडमनी सावकाश सांगितलं. बाहेर रांग होती, तरी. आक्का बोटांच्या पेरांवर एकेक गोष्ट धरत गेल्या आणि रिक्षात बसल्यापासून ते भोसरीच्या पुलाखालून जाईपर्यंत तेच घोकत होत्या.

"गावाला गेल्यावर बरं आन् घरी आल्यावर वाईट वाटतंय का, ते इचारायचं. कुबट वास येतो का बगायचं. पानी कुटनं येतं ते आदी बंद करायचं, रंग मारून झाकायचं न्हाई. थोडी आसंल तर मास्क आन् हातमोजं घालून, खिडकी उगडून, साबनाच्या पान्यानं पुसायची, कोरडी झाडायची न्हाई. लई आसंल तर गिलावाच काडायचा. आजारी मानूस आन् ल्हान पोरं तवा घरात नकोत. भिजल्याली गादी टाकून द्यायची. सामान भिंतीपासनं हातभर लांब. आनि काय ग? येक ऱ्हायलं."

"धाप लागली तर मेडिकलमधून गोळ्या आणून बसायचं नाही. डॉक्टरकडे जायचं."

"व्हय. डाक्टरकडं जायचं." त्यांनी ते शेवटच्या पेरावर धरलं.

घरी पोचलो. मला वाटलं त्या थकल्या असतील. पण त्या वर आल्या नाहीत. तळमजल्यावर आमच्या जुन्या खोल्यांशेजारच्या बिऱ्हाडात नवं जोडपं राहायला आलं आहे, कोकणातलं, त्यांच्या दारावर त्यांनी टकटक केली. दार उघडलं त्या मुलीनं. भरदुपारी घरमालकीण दारात बघून तिचा चेहरा उतरला. तिनं ओढणी सारखी केली आणि विचारलं, "आक्का, आमचं काय चुकलं काय?"

"न्हाई ग पोरी," आक्का म्हणाल्या. "तुजं काय बी चुकलं न्हाई. आत येऊ का? भिंतीला जरा हात लावून बगायचाय."